तिळी उंदरीण आणि पेट्रोल ढोसणारी ठमी

एक होती उंदरीण. तिचं नाव तिळी. तिळीला एकच पिल्लू. त्या पिल्लाचं नाव कणी. तिळी इवलीशी, तर कणी त्याहून इवलीशी!

तिळी राहायची रावजीकाकांच्या पडवीत. पडवीतच असायची काकांची गाडी. गाडीचं नाव ठमी. ठमी लाल. ठमी जुनी. ठमी गुबगुबीत. पण धावायची कशी? भुर्र भुर्र!

कणीचा ठमीवर भारी जीव. ठमीच्या आत होतं एक काळं भुयार. गोल गोल. ऊबदार. कणी त्यात शिरायची आणि मुटकुळं करून झोपायची.

आज होता दसरा. तिळी सकाळीच दाणे शोधायला निघाली. कणी भुयारात झोपली होती.

"झोप हं बाळा," तिळी म्हणाली. "मी ही गेले आणि ही आले."

आणि ती गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

परत येते तर काय! पडवी रिकामी. ठमी नाही! ठमी नाही म्हणजे भुयार नाही. भुयार नाही म्हणजे कणी नाही!

तिळीच्या तोंडातला दाणा खाली पडला.

तेवढ्यात आवाज आला. खॉक खॉक! फुस्स! खॉक खॉक! फुस्स!

ठमी परत आली. छान धुतलेली. पुसलेली. पुढे झेंडूचा मोठा हार. पण मागून धूर बघा कसला! काळा काळा धूर! भसाभसा भसाभसा!

ठमी थांबली. तिळी चाकावरून चढली. सरसर सरसर! आत गेली. भुयाराशी गेली. आणि बघते तर भुयाराच्या तोंडात एक फडकं! दाबून दाबून बसवलेलं फडकं!

आतून आवाज आला, "आई! आई! चीं चीं चीं!"

"कणी! घाबरू नकोस! मी आले!"

तिळीने फडकं ओढलं. हलेना. ढकललं. हलेना. दाताने कुरतडलं. कुरकुर कुरकुर! निघाला एक धागा. एवढं मोठं फडकं आणि एवढुसे दात! कधी व्हायचं?

"आई, इथे गरम होतंय," कणी म्हणाली.

तिळी फडक्याला म्हणाली,

"फडक्या, फडक्या, बाजूला हो!
माझी कणी निघेना!
चीं चीं चीं, करू तरी काय मी?"

फडकं म्हणालं, "मी आपणहून हलत नाही. काकांनी मला कोंबलं. काकांनी ओढल्याशिवाय मी निघणार नाही. जा, काकांना सांग!"

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

काका होते ठमीच्या बाजूलाच. पण काकांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते ठमीभोवती गोल गोल फिरत होते. चाकांना लाथ मारून बघत होते. धप्! हवा आहे की! वाकून खाली बघत होते. पेट्रोल गळतंय का? नाही गळत! मग आत डोकावून काटा बघत होते. काटा पार खाली!

"काल पेट्रोल भरलं," काका ओरडत होते. "एवढ्या पेट्रोलात ठमी टेकडी चढते, उतरते, पुन्हा चढते. आज नुसती वेशीपर्यंत गेली आणि सगळं पिऊन आली! गटागटा गटागटा! झालंय काय हिला?"

तिळी म्हणाली,

"काका, काका, फडकं ओढा!
फडकं हलेना,
माझी कणी निघेना!
चीं चीं चीं, करू तरी काय मी?"

"कसलं फडकं आणि कसली कणी!" काका म्हणाले. "इथे माझ्या जिवाला घोर लागलाय! आणि गाडीची पूजा झाली. हार घातला. आता मी ठमीचं पुढचं झाकण उघडत नाही. मिस्त्री आल्याशिवाय मी हात लावणार नाही. जा, मिस्त्रीला सांग!"

ऐकलंत? कान होते, पण ऐकतंय कोण! असे असतात हो काही काका.

मागून आवाज आला, "आई! चीं चीं चीं!"

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

चिंचेखाली होते इनूसचाचा. इनूसचाचा गाड्यांचे मिस्त्री. चाचा टायरवर बसले होते. हनुवटी हातावर. डोळे अर्धे मिटलेले.

तिळी म्हणाली,

"चाचा, चाचा, लवकर चला!
काका बघेनात,
फडकं हलेना,
माझी कणी निघेना!
चीं चीं चीं, करू तरी काय मी?"

चाचांनी दिली एक मोठ्ठी जांभई. "अगं, आज दसरा. पहाटेपासून गाड्याच गाड्या. कुणाचा दिवा, कुणाचा हॉर्न! घोटभर चहा नाही मिळाला. चहा प्यायल्याशिवाय मी उठणार नाही. जा, शेवंतामावशीला सांग!"

ऊन वर आलं. ठमीचा पत्रा तापला. मागून आवाज आला, "आई! चीं चीं!"

आता दोनदाच. ऐकलंत ना?

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

रस्त्याकडेला शेवंतामावशीची टपरी. पण स्टोव्ह गप्प. भांडं रिकामं. मावशी कंबरेवर हात ठेवून उभी.

तिळी म्हणाली,

"मावशी, मावशी, चहा टाक!
चाचा येईनात,
काका बघेनात,
फडकं हलेना,
माझी कणी निघेना!
चीं चीं चीं, करू तरी काय मी?"

"अगं माझी बाय ती!" मावशी म्हणाली. "काळजाचं पाणी झालं असेल गं तुझ्या. पण चहा टाकू कशाने? दूध कुठंय? सकाळपासून सगळ्यांना परत पाठवतेय. दूध आल्याशिवाय मी चहा टाकणार नाही. जा, म्हशीला सांग!"

गोड बोलली. पण नाहीच म्हणाली ना!

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

गोठ्यात होती काजळी म्हैस. शिंगांना रंग. गळ्यात घुंगरू. सगळी नटलेली. पण तोंड बघा! फुगलेलं. एवढं!

तिळी म्हणाली,

"म्हशीताई, म्हशीताई, दूध दे!
मावशी चहा टाकेना,
चाचा येईनात,
काका बघेनात,
फडकं हलेना,
माझी कणी निघेना!
चीं चीं चीं, करू तरी काय मी?"

"हम्माँऽऽ!" काजळी म्हणाली. "शिंगं रंगवली माझी. कौतुक केलं. आणि खायला? गव्हाणीत नुसता कडबा! आज सणाचा दिवस. मला पेंड पाहिजे. पेंड खाल्ल्याशिवाय मी दूध देणार नाही. जा, पेंडीला सांग!"

तिळीने कान टवकारले. लांबून, खूप लांबून आवाज आला, "आई... चीं."

एकदाच!

आता तिळी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! ओढ्याकाठून. गवतातून. दगडांवरून. टेकडी चढून वर.

टेकडीवर होता तेलाचा घाणा. घाण्याशी उभं होतं पेंडीचं पोतं. गलेलठ्ठ! टम्म!

तिळीला धाप लागली होती. तरी ती म्हणाली,

"पेंडी, पेंडी, खाली चल!
म्हैस दूध देईना,
मावशी चहा टाकेना,
चाचा येईनात,
काका बघेनात,
फडकं हलेना,
माझी कणी निघेना!
चीं चीं चीं, करू तरी काय मी?"

पेंडीचं पोतं म्हणालं, "मला पाय आहेत का गं? बघ, आहेत का? दर वेळी ठमी येते. ठमी मला नेते. आज ठमी आलीच नाही. ठमी आल्याशिवाय मी हलणार नाही. जा, ठमीला सांग!"

तिळीने कान टवकारले. वाऱ्याचा आवाज आला. पानांचा आवाज आला. कणीचा आवाज आला नाही.

तिळी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु! पडली. उठली. तुरुतुरु तुरुतुरु! टेकडी उतरली. ओढ्यावरून आली. गोठ्यावरून आली. टपरीवरून आली. चिंचेवरून आली. ठमीपाशी आली.

सरसर सरसर! वर चढली. आत गेली. फडक्याला कान लावला.

"कणी?"

काही नाही.

"कणी गं?"

काही नाही.

तिळी ठमीकडे वळली. ती ठमीला म्हणाली, हळू हळू, रडत रडत,

"ठमे, ठमे, धाव ना गं!
पेंड येईना,
म्हैस दूध देईना,
मावशी चहा टाकेना,
चाचा येईनात,
काका बघेनात,
फडकं हलेना,
माझी कणी निघेना!
चीं चीं चीं, करू तरी काय मी?"

ठमी म्हणाली, "खॉक खॉक! धावू कशी गं? श्वासच येत नाही मला. हवा मिळेना, म्हणून नुसतं पेट्रोल पिते. गटागटा पिते. तरी अंगात जोर नाही. सगळ्याचा होतो काळा धूर. काका मलाच रागावतात. माझं नाक मोकळं झाल्याशिवाय मी धावणार नाही."

"तुला नाक आहे?" तिळीने विचारलं.

"आहे तर! गाडीलाही नाक असतं. काळं काळं. गोल गोल. नळीसारखं. त्यातूनच मी श्वास घेते."

काळं काळं? गोल गोल?

तिळी थबकली. तिने भुयाराकडे बघितलं. काळं काळं. गोल गोल. तिने फडक्याकडे बघितलं. दाबून दाबून बसवलेलं!

"अगंबाई!" तिळी म्हणाली. "हे भुयार नाही. हे तर ठमीचं नाक!"

म्हणजे बघा हं. फडकं कुठे अडकलंय? ठमीच्या नाकात. कणी कुठे अडकलीय? ठमीच्या नाकात. आणि काकांचं पेट्रोल कुठे चाललंय? त्याच फडक्यापायी सगळं धुरात!

तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. खुळखुळ खुळखुळ!

काका आले. दार उघडलं. "चालवूनच बघतो पुन्हा," काका म्हणाले. "जरा जोरात दामटतो!"

नको काका! नको! आत कणी आहे!

तिळी धावली. ठमीवरून उडी मारली. टुण्! काकांच्या सदऱ्यावर. सरसर सरसर! काकांच्या खांद्यावर. काकांच्या कानाशी. आणि ओरडली. एवढीशी उंदरीण, पण ओरडली केवढ्यांदा!

"काका! ठमी पेट्रोल का ढोसते, सांगू?"

काकांचा हात थांबला. किल्ली थांबली. आता बरं ऐकू आलं!

"का गं? का ढोसते?"

"तिचं नाक चोंदलंय! नाकात फडकं आहे! सकाळी कुणी कोंबलं?"

"नाकात फडकं?" काका म्हणाले. "छे! फडकं कोण कोंबेल? सकाळी तर मी ठमीला धुतली. आतूनसुद्धा धुतली. दसरा म्हणून! नळीत पाणी जाऊ नये म्हणून मी जरा त्या नळीत..."

काका थांबले.

काकांनी कपाळावर हात मारला. फाट्!

"अरे देवा! मीच कोंबलं! आणि काढायचं विसरलो! पूजा केली, हार घातला, पेढे वाटले, आणि फडकं तसंच!"

"काढा ना!" तिळी किंचाळली. "आधी काढा!"

काकांनी झेंडूचा हार उचलला. बाजूला ठेवला. नाही विचारलं मिस्त्रीला. नाही बघितली वाट. झाकण उघडलं. कर्रर्र! फडकं धरलं. ओढलं. नाही आलं. पुन्हा ओढलं.

फट्टाक्!

फडकं निघालं.

भुयार मोकळं झालं. काळं काळं. गोल गोल. आत अंधार.

"कणी?"

काही नाही.

तिळी आत शिरली. आत. आणखी आत. हाताला काहीतरी मऊ लागलं. गरम. ओलं. हलेना.

तिळीने तिला तोंडात धरलं. मानेला, अलगद. बाहेर आणलं. गार फरशीवर ठेवलं. चाटलं. नाक चाटलं. कान चाटले. पोट चाटलं. काकांनी टोपी काढली आणि हळू हळू वारा घातला.

कणीचं नाक हललं.

कणीची मिशी हलली.

"...चीं."

"कणी!"

"आई," कणी म्हणाली. "पाणी."

काका धावले. पंचपात्रीतून पाणी आणलं. कणीच्या ओठांवर एक थेंब सोडला. मग आणखी एक. कणी प्यायली. तिळी रडली. काकांचेही डोळे भरून आले, आणि ते म्हणाले, धुरामुळे आले. धूर कुठे होता तेव्हा?

मग काय झालं, सांगू?

ठमीने श्वास घेतला. हाऽऽऽ! मोठ्ठा श्वास!

काका बसले. किल्ली फिरवली. खॉक नाही. फुस्स नाही. काळा धूर नाही. भुर्र भुर्र!

ठमी धावली. ओढ्यावरून गेली, टेकडी चढली, पोतं घेतलं, टेकडी उतरली. भुर्र भुर्र! काका सारखे काट्याकडे बघतात. काटा आहे तिथेच! उरलंसुरलं पेट्रोलही संपता संपेना!

पेंड आली. म्हैस खूश! कचकच कचकच!

म्हैस दूध देऊ लागली. चुर्र चुर्र! चुर्र चुर्र!

मावशीने चहा टाकला. खळखळ खळखळ! आलं ठेचून घातलं. पण त्याआधी काय केलं, माहीत आहे? बशीत ओतलं थोडं दूध. फुंकर घातली. पदर खोचला, आणि स्वतः पडवीत आणून कणीपुढे ठेवलं.

"आधी ही," मावशी म्हणाली. "मग बाकीचे."

चाचांनी चहा घेतला. फुर्र फुर्र! डोळे टक्क उघडले. अंगात आला जोर. चाचांनी पाना उचलला. पेटी उचलली. आले धावत धावत. धपाधप धपाधप!

"बाजूला व्हा! बाजूला व्हा! कुठे आहे बिघाड?"

चाचांनी ठमीला कान लावला. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. पुढून बघितलं. मागून बघितलं. वाकून बघितलं. डोकं खाजवलं.

"रावजीभाऊ, गाडी तर झकास आहे! बिघडलं काय होतं?"

काकांनी फडकं पाठीमागे लपवलं. मग तिळीकडे बघितलं. तिळी काकांकडे बघत होती. काकांनी फडकं पुढे केलं.

"माझंच बिघडलं होतं इनूसभाऊ," काका म्हणाले. "मला आधीच सांगत होती ही. मी ऐकलं नाही."

चाचा इतके हसले, इतके हसले, की पुन्हा चहा प्यावा लागला.

सगळे गेले. मावशी टपरीवर गेली. चाचा चिंचेखाली गेले. काका हातपाय धुवायला गेले.

पडवीत उरल्या दोघीच. कणीचं पोट दुधाने टुम्म झालं होतं. ती आईच्या पोटाशी शिरली. अगदी आत. अगदी घट्ट.

"आई," कणी म्हणाली, "मी हाक मारत होते. तू कुठे होतीस?"

तिळीचे पाय ठणकत होते. टेकडीवरचे काटे अजून शेपटीत होते. तिने कणीचा कान चाटला.

"तुझ्यासाठीच पळत होते बाळा," ती म्हणाली. "आता झोप. मी कुठेच जात नाही."

कणी झोपली. तिळी जागी राहिली.

ठमी उभी दाराशी,
कणी आईच्या पोटाशी,
गोष्ट आमची तुमच्यापाशी!